लोणारेजींचा ब्रश

तुळशीराम लोणारे कापसाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे. सकाळी एकदा धुतले आणि झालं, असं नव्हे. दर आठ-दहा गाड्यांनंतर ते उठायचे. दारव्ह्याच्या आमच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर बैलगाड्यांची नि ट्रॅक्टरची रांग जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर पार रस्त्यावर गेलेली असायची, लोक दोन-दोन दिवस गाडीखाली झोपून वैतागलेले असायचे, आणि हा गृहस्थ हौदावर जाऊन बोटांच्या बेचक्यांतून शांतपणे फेस फिरवत बसायचा. रांगेतून कोणीतरी ओरडायचं, "साहेब, लगनाले चालले का?" लोणारेजी पंच्याने हात पुसत परत यायचे आणि त्याच माणसाला सांगायचे, "तेलकट हाताले कापूस समजत नाही भौ. माह्या हाताची चूक तुह्या कापसावर कायले घालू?"

ते ग्रेडर होते. कापूस पाहून त्याची प्रत ठरवायची, आणि प्रतीवर भाव ठरायचा. मी काट्यावरचा कारकून. त्यांनी चिठ्ठीवर प्रत लिहिली की मी वजन लिहायचं. हंगामाचे पाच महिने आम्ही दोघं जिनिंगमागच्या दोन खोल्यांत राहत असू. मी यवतमाळचा. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, त्यामुळे कागद कसा सांभाळायचा आणि कागदाने स्वतःला कसं सांभाळायचं, हे मला कोणी शिकवण्याची गरज पडली नव्हती. लोणारेजी त्यांच्या घरातले पहिले नोकरदार. दारव्ह्यापासून चार कोसांवरच्या गावचे, बौद्ध. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे असूनही मला "जोशीबाबू" म्हणायचे, आणि मी त्यांना "लोणारेजी".

गाडीतला वरचा कापूस ते बघतच नसत. "वरून सगळेच गोरे असते," असं म्हणत आणि कोपरापर्यंत हात खुपसून पोटातला कापूस बाहेर काढत. मग त्यातला चिमूटभर दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा एकावर एक ठेवायचा, पुन्हा ओढायचा, असं करत सगळे धागे सरळ झाले की डाव्या मनगटावर बांधलेल्या काळ्या मखमलीच्या पट्टीवर ते लावून लांबी बघायची. शेवटी तो पुंजका कानाजवळ नेऊन तोडायचा. तुटण्याचा आवाज ऐकून ते धाग्याची ताकद सांगत. मी कितीदा कान लावून बघितलं, मला सरकी काढणाऱ्या जिनच्या घरघरीपलीकडे कधी काही ऐकू आलं नाही.

दुसरी सवय दाढीची. रोज पहाट फुटली की खोलीसमोरच्या कडुनिंबाला ठोकलेल्या खिळ्यावर आरसा लटकायचा. पितळी वाटीत गरम पाणी, खांद्यावर टॉवेल. पाच महिन्यांत मी त्यांच्या गालावर खुंट पाहिला नाही. एकदा तापाने फणफणले होते, उभं राहवेना, तर खाटेवर बसून केली. मी म्हटलं, "लोणारेजी, एक दिवस राहिली तर काय बिघडतं?" तर म्हणाले, "तुमचं नाही बिघडत. माही दाढी वाढली की मी अर्जदार दिसतो." मी हसलो. विनोद म्हणून मी ते पुढे पाचपन्नास ठिकाणी सांगितलंही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला फार वेळ लागला.

त्यांचा ब्रश मात्र बाजारातला, नायलॉनचा. त्याच्यावर त्यांचा राग होता. "याले धागा नाही जोशीबाबू, हे तार हाय. गालावर खराटा फिरते." चांगला ब्रश घ्यायचा, खऱ्या केसांचा, हे त्यांच्या मनात बरीच वर्षं होतं. कुठल्याशा जुन्या मासिकातलं एक चित्र त्यांनी कापून पाकिटात ठेवलं होतं: शिंगाची मूठ, वर घुमटासारखे केस, टोकाला पांढरे आणि मधे काळे. लोक पाकिटात देवाचा फोटो ठेवतात, बायकोचा ठेवतात. मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. ते चित्र घडी घालून परत ठेवायचे.

एका जानेवारीत नमुने घेऊन आम्हाला दोघांना नागपूरला पाठवलं. काम दुपारी आटोपलं आणि लोणारेजी मला सीताबर्डीवरच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेले. अत्तरं, साबण, परदेशी रेझर, असलं दुकान. काउंटरमागे सोनेरी चष्म्याचे एक वयस्क मालक. लोणारेजींनी ब्रश मागितला. मालकांनी आधी त्यांच्या चपलांकडे पाहिलं, मग नायलॉनचा काढला. लोणारेजींनी मान हलवली. मग डुकराच्या केसांचा निघाला. तोही नको. लोणारेजींनी पाकिटातून चित्र काढून काचेवर ठेवलं.

"बॅजर पाहिजे होय?" मालक म्हणाले. "आपल्याकडे चांदी अस्वल म्हणतात ना, त्याच्यासारखा प्राणी. बाहेरून येतो. महाग आहे. कोणत्या साहेबांसाठी नेता?"

"माह्यासाठी."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी का कोण जाणे, बाटल्यांकडे पाहिलं.

ब्रश डबीतून बाहेर आला, पण लोणारेजी हात लावेनात. "हात धुवाले पाणी भेटल का?" त्यांनी विचारलं. मालक चक्रावले. नोकराने मागचा नळ दाखवला. लोणारेजी साबण लावून हात धुऊन, पुसून आले, ब्रश डाव्या हातात घेतला, उजव्या अंगठ्याने केस बाजूला करून थेट मुळाशी गेले, आणि कोणाच्या काही लक्षात यायच्या आत त्यांनी एक चिमूट केस उपटले. अंगठ्यांत धरून सरळ केले. मनगटावरच्या काळ्या पट्टीवर लावले. आणि मग कानाजवळ नेऊन तोडले.

"अहो! अहो, तोडता काय!" मालक काउंटरवर ओणवे झाले. "ब्रश आहे तो!"

लोणारेजी भानावर आले. माझ्या ओळखीत त्यांचा चेहरा एवढा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तीस वर्षं जो धागा हातात येईल तो ओढायचा, तोडायचा, ऐकायचा. हात सवयीने चालले होते. "चुकलं माहं," ते म्हणाले. "पण धागा एक नंबर हाय मालक. असा आवाज म्या कापसात नाही ऐकला." त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि घासाघीस न करता त्या ब्रशची किंमत मोजली. वेतनफरकाचे पैसे नुकतेच मिळाले होते, ते त्यासाठीच वेगळे ठेवलेले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. काउंटरच्या काचेला माझा कोपर टेकलेला होता. हे एवढ्या तपशिलाने सांगतो आहे, कारण पुढे त्याची गरज पडणार होती.

परतीच्या एसटीत ती डबी मांडीवर घेऊन ते बसले होते. यवतमाळ जवळ आलं तेव्हा आपण होऊन बोलायला लागले. "आमच्या गावात एकच ब्रश होता. न्हाव्याचा. पाटलाच्या गालावरून फिरे, कुणब्याच्या फिरे, तेल्याच्या फिरे. आमच्या लोकाईच्या नाही. आमच्यात एका म्हाताऱ्याजवळ वस्तरा होता, तो चिंधी ओली करून गाल भिजवे नि पंधरा दिवसातून एकदा सगळ्याईचं खरडून दे. माहा बाप रक्तानं भरलेला चेहरा घेऊन घरी ये." त्यांनी मांडीवरची डबी नीट धरली. "मी सहा-सात वर्षाचा असन. न्हाव्यानं ब्रश धुऊन ओट्यावर वाळू घातलता. मी नुस्तं बोट लावलं. मले पाहाचं होतं, नरम असते का म्हून."

"मग?"

"मग काय. न्हाव्यानं तो उकिरड्यात फेकला. अन् माह्या बापाले चावडीपुढं बलावलं." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. डबी उघडून ब्रशच्या टोकांवर अंगठा फिरवला. "नरम असते जोशीबाबू. तवाच समजलं होतं."

काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं, पण अशा वेळी आमच्या घरात जे बोलतात तेच आठवलं: काळ बदलला आता. ते मी बोललो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

पुढच्या हंगामात माझ्या ब्रशची मूठ तुटली. सकाळची वेळ, आठवडी बाजार तीन दिवसांवर. लोणारेजींची दाढी नुकतीच झालेली. त्यांनी ब्रश गरम पाण्यात खळखळून धुतला, झटकला आणि माझ्यापुढे धरला. "घ्या न. पाहा तरी कसा हाय."

"राहू द्या," मी म्हणालो. "दुसऱ्याचा ब्रश मी वापरत नाही. त्वचेचं काही होतं."

तत्त्व म्हणून चांगलंच आहे. डॉक्टरही तेच सांगतील. फक्त आदल्याच वर्षी आमच्या हेडक्लार्कचा ब्रश मी आठवडाभर वापरला होता, याच कडुनिंबाखाली, लोणारेजींच्या समोर. हे मला वाक्य संपल्यावर आठवलं. त्यांना वाक्य संपायच्या आधीच आठवलं असणार. त्यांनी "बरं" म्हटलं आणि ब्रश खिळ्याला टोक खाली करून लटकवला. मी तीन दिवस खुंट वाढवून काट्यावर बसलो आणि मला कोणी अर्जदार समजलं नाही.

तेव्हा कापसाचे दिवस फिरले होते. भाव पडलेला, बोंडअळीने झाडं पोखरलेली, फवारणी करून लोक थकलेले. गावागावांतून ज्या बातम्या येत होत्या त्या आम्हाला पेपरात वाचायची गरज नव्हती. काट्याच्या वहीत दरवर्षी येणारं एखादं नाव त्या हंगामात येतच नसे, आणि त्याच्या जागी बायकोच्या नावाने गाडी यायची. लोणारेजी अशा गाडीजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत. प्रत मात्र कापसाचीच लावत. मी एकदा म्हटलं, द्या की एक प्रत वर. ते म्हणाले, "आज दया म्हून वर देली, तं उद्या कोनी दाबून खाली द्याले सांगन. मंग कोन्त्या तोंडानं नाही म्हणू?"

आणि खाली द्यायला सांगणारा फाटकाबाहेरच बसला होता. आमच्याकडून परत गेलेला किंवा खालची प्रत लागलेला कापूस एक व्यापारी शेठ तिथेच पडेल भावाने विकत घ्यायचा. दोन दिवस रांगेत काढलेल्या माणसाला बैल परत जुंपून घरी जाण्याचं त्राण नसे. तो विकून मोकळा होई. मग तोच कापूस दुसऱ्याच्या नावाने फिरून केंद्रावर येई आणि चांगल्या प्रतीत जाई. इतर केंद्रांवर हे बिनबोभाट चाले. आमच्याकडे चालेना, कारण लोणारेजी हात धुऊन कोपरापर्यंत खुपसत. शेठ त्यांना चहाला बोलवी. लोणारेजी स्वतःचा चहा स्वतः करत.

त्याच हंगामात त्यांच्या गावच्या पाटलांच्या घरचा ट्रॅक्टर आला. पाटलांचा नातू स्वतः चालवत होता. जिनिंगमध्ये कुजबूज झाली. ज्यांना चावडीपुढची ती जुनी गोष्ट ठाऊक होती त्यांना वाटलं, आज लोणारे हिशेब चुकता करणार. मीही काट्यावरून मान लांब करून बघत होतो, खोटं कशाला बोलू. लोणारेजींनी हात धुतले, कापूस काढला, ओढला, तोडला, आणि सगळ्यात वरची प्रत लिहिली. कापूस होताच तसा. पाटलांचा नातू चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुमचा ग्रेडर इमानदार हाय बाप्पा." तुमचा म्हणाला. लोणारेजी तर त्यांच्याच गावचे.

फेब्रुवारीत निनावी तक्रार गेली. ग्रेडर लोणारे पैसे खातो. पुरावा म्हणून त्याच्याकडचा परदेशी दाढीचा ब्रश पाहावा, ग्रेडरच्या पगारात असली वस्तू येत नाही. चौकशीला एक अधिकारी आले. खोलीची झडती झाली. दोन धोतरं, तीन शर्ट, पितळी वाटी, काही पुस्तकं, आणि तो ब्रश. तो पंचनामा करून खाकी पाकिटात घातला, लाखेचं सील लावलं. लोणारेजी शांतपणे म्हणाले, "ओला हाय साहेब. सकाळीच वापरला. वाळू द्या, नाहीतं सडन." अधिकारी हसले. पाकीट बंद झालं.

दुकानाचं बिल त्यांच्याजवळ नव्हतं, आणि नागपूरला जाऊन दुकानदाराला विचारायची तसदी कोणी घेणार नव्हतं. चित्र पाकिटात जपणाऱ्या माणसाने बिल जपलं नाही. घेतलेल्या वस्तूचा पुरावा लागतो, हे आमच्या घराण्यातलं ज्ञान. "जोशीबाबू सोबत होते," त्यांनी सांगितलं. "त्याईले विचारा." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी, इतके ते निश्चिंत होते.

अधिकाऱ्यांनी मला वेगळं बोलावलं. माझा बदलीचा अर्ज त्यांच्या फायलीत होता. आई यवतमाळला एकटी, मुलगी शाळेत. अर्ज खरा होता. शेठ आदल्या संध्याकाळी सहज भेटून गेला होता, अर्जाची चौकशी करून. अधिकारी म्हणाले, "हे बघा, तुम्ही चांगल्या घरचे आहात. यात कशाला अडकता? ब्रश त्यांनी स्वतः पैसे देऊन घेतला, हे तुम्ही पाहिलंत?"

मला ती काच आठवली, माझा कोपर, तुटलेले केस, काळी पट्टी. मी म्हणालो, "मी दुकानाबाहेर उभा होतो. आत काय झालं, ते मी पाहिलं नाही."

एवढंच. कोणी मला धमकावलं नाही, कोणी काही देऊ केलं नाही. मी घाबरटपणाने एक वाक्य बोललो आणि खाली सही केली. ती सही माझ्या आजोबांच्या वळणाची आहे, घरात तिचं फार कौतुक होतं.

लोणारेजी निलंबित झाले. खोली सोडली तेव्हा त्यांनी आरसा खिळ्यावरून काढला आणि खिळाही उपटून घेतला. मला म्हणाले, "येतो जोशीबाबू." माझं वाक्य त्यांना दाखवलं गेलं होतं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही. नव्या ग्रेडरला हात धुण्याची सवय नव्हती. रांग पटापट पुढे सरकू लागली, फाटकाबाहेर शेठचा ढीग वाढत गेला, आणि एप्रिलमध्ये माझी यवतमाळला बदली झाली.

चौकशी चार-पाच वर्षं रेंगाळली आणि काहीच न सापडून बंद झाली. तोवर ते निवृत्तीच्या वयाला पोचले होते. मला हे एका जुन्या सहकाऱ्याकडून समजलं. मी बऱ्याचदा ठरवलं, जाऊन यावं. दरवेळी काहीतरी निघालं.

शेवटी गेलो तो एका रविवारी. दारव्ह्याला नातलगाकडे लग्न होतं, दोन दिवसांच्या धामधुमीत दाढी राहिली होती. सकाळीच जीप पकडून त्यांच्या गावाला उतरलो. कोणाला विचारावं लागलं नाही. विहारासमोरच्या पत्र्याच्या मांडवात लोणारेजी उभे होते, खांद्यावर टॉवेल, खांबाला आरसा. समोर लाकडी स्टुलावर एक म्हातारा गाल फुगवून बसलेला, आणखी दोघं बाजूच्या चटईवर. हात थरथरायला लागलेल्या म्हाताऱ्यांची दाढी ते दर रविवारी करून देतात, असं चटईवरच्या एकाने मला कौतुकाने सांगितलं. हातात तोच ब्रश, चौकशीनंतर परत मिळालेला. सीलबंद पाकिटात ओला राहून त्याचे निम्मे केस गळाले होते, घुमट बसला होता. उरलेल्या केसांनी ते म्हाताऱ्याच्या गालावर गोल गोल फेस काढत होते, अगदी सावकाश.

"या जोशीबाबू," ते म्हणाले. गाल तसाच गुळगुळीत. मुलगी काय शिकते विचारलं, आई कशी विचारलं. आई गेली होती. त्यांनी हात थांबवून मान खाली घातली, मग वस्तरा उचलला.

मी वाट पाहून शेवटी म्हणालो, "लोणारेजी, चौकशीत मी..."

"तुमी बाहेर उभे होते नं," ते वस्तऱ्यावरून नजर न काढता म्हणाले. "बाहेर उभ्या माणसाले आतलं कसं दिसन?"

त्यात राग असता तर बरं झालं असतं. मी रडकुंडीला आलो होतो आणि ते म्हाताऱ्याची हनुवटी वर करून गळ्याखालचे केस बघत होते. म्हाताऱ्याचं झालं. तो गाल चाचपत उठला, स्टूल रिकामं झालं, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तो मोठ्या अगत्याने म्हणाला, "बसा न साहेब. तुमचीबी वाढली हाय. तुळशीराम लय हलक्या हातानं करते."

मी खरंच पाऊल पुढे टाकलं. त्या स्टुलावर बसावं, डोळे मिटावे आणि ब्रश गालाला लागू द्यावा, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं.

"राहू दे बाबा," लोणारेजी म्हणाले. "ते दुसऱ्याचा ब्रश नाही वापरत. त्याईच्या कातडीले तरास होते." पाहुण्याला तिखट चालत नाही असं सांगावं, तशा काळजीच्या आवाजात म्हणाले. मग वाकून वाटीतलं पाणी बदललं, हौदावर जाऊन साबणाने हात धुतले आणि चटईवरच्या दुसऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली.

मी परतीच्या जीपमध्ये बसलो. दारव्ह्याला उतरून स्टँडजवळच्या सलूनमध्ये गेलो, खुर्चीत बसलो आणि न्हाव्यापुढे गाल केला. त्याचा ब्रश सकाळपासून कोणाकोणाच्या गालावरून फिरून आला होता, ते मी विचारलं नाही.